माशीचं कुंकू

हसू नका बायांनो, पण माझ्या सुषमाची एम.एस्सी. माझ्या कुंकवापायी बुडायला आली होती.

तिनं सदर बाजारातल्या स्टुडिओतून माशांचे मोठे काळे-पांढरे फोटो करून आणले होते. परीक्षकांपुढे माशीची जात आणि नर-मादी सांगायची होती. माझा सोमवारचा उपास. पूजा आटोपून मी मदतीला बसले.

ती म्हणाली, "पाठीवर चार पट्टे ते घरमाशी. डोळे चिकटल्यासारखे असले तर नर, मधात रुंद जागा असली तर मादी. मादीवर खूण कर, मी न्हाऊन येतो."

न्हाऊन आली अन् किंचाळलीच. "आई, कुंकू काहून लावलं वं? तेही डोळ्यांच्या मधात!"

"तूच म्हटलं खूण कर. बाईमाणसाले आणखी कुठं लावतात वं?"

पुसायला गेली तर डाग पसरला. जी जागा दाखवायची, तीच झाकली गेली. पोरगी रडायला लागली आणि मी महादेवापुढे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी विचारल्यावर सुषमानं खरं ते सांगून टाकलं. त्यांनी स्वतःजवळचे फोटो तिच्यापुढे ठेवले. तिनं सगळे बरोबर ओळखले, पास झाली.

त्या भल्या माणसाच्या नावानं मी अजून सोमवारी एक बेलपान जास्त वाहते. कारण निघताना ते सुषमाला म्हणाले होते, "आईंना नमस्कार सांग. त्यांची एकही मादी चुकली नाही. नर असता, तर कुंकवाला जागाच सापडली नसती!"