ज्येष्ठांच्या रांगेतून हरकत

गल्लीत होऊ घातलेल्या वृद्धनिवासाला पालिकेत हरकत घ्यायचा शेवटचा दिवस. ज्येष्ठांच्या रांगेत माझ्यापुढे एक हार्डवेअरवाला आपल्या आईचा दंड धरून उभा होता. त्याच्या शेजारच्या टेलरबाई तरातरा आल्या.

“तुम्ही या रांगेत कसे हो?”

“आईला आणलंय ना! ती दुसरी रांग संध्याकाळपर्यंत हलायची नाही. अर्जच तिच्या नावाचा केलाय.”

“बरं केलंत. तीनशे म्हातारे आणून ओतणार आपल्या गल्लीत! आम्हाला विचारलं कुणी?”

“सहा मजले! माझ्या गच्चीवर उन्हाची तिरीप येणार नाही. वर दिवसभर त्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा!”

“आणि रोज कुणीतरी जाणार. पोरांनी उठल्या उठल्या तेच बघायचं?”

“मी म्हणतो, यांची पोटची पोरं मेलीत का? आईबापांना घराबाहेर काढताना लाज नाही वाटत?”

“लाज कोळून प्यायलेत मेले.”

“आमच्या आईला विचारा. हॉलमध्ये टीव्हीसमोर दिवाण टाकून दिलाय. रात्री आम्ही सगळे झोपायला जाईपर्यंत माणसांत असते. काय कमी आहे गं तुला?”

“काही नाही रे.”

“बघा!”

खिडकीतून कारकुनाने हाक मारली.

“पुढचे! आजी, अर्ज तुमचा ना? मग तुम्हीच बोला. हरकत काय आहे?”

“सांग गं. घरी दहादा घोकून घेतलंय.”

“साहेब, तिथे एकेकाला वेगळी खोली मिळणार का?”

“नकाशात तरी तसंच आहे, आजी.”

“आई, ऊन! उन्हाचं सांग!”

“थांब रे जरा. साहेब, खोलीला आतून कडी असेल?”