रेकॉर्डला ‘येते’ हाय

मी रेश्मा, गाव निमगाव केतकी, आता अठ्ठाविसावं चालू हाय, लग्न झालेलं न्हाय, हे आधीच सांगून टाकते म्हणजे तुमी मधी विचारणार न्हाय. आबा शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर, आई एसटीनं वालचंदनगरला जाऊन कारखान्याच्या क्वार्टरमधी चार घरच्या चपात्या लाटायची, दोघांनी मिळून मला बीए केलं, आणि आईचं एकच म्हणणं, दुसऱ्याच्या सैपाकघरात न्हाय जायचं, हापिसात जायचं. आता हापिसात हाय मी. काय सांगू तुमाला दादा, आईच्या हातात निदान लाटणं तरी होतं, कटाळा आला की आपटायची.

हापिस बारामतीत, ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानावर दुसरा मजला. आमी तीस जणी, कानाला हेडफोन. परदेशातली एक कंपनी हाय, तिला मशीनला मराठी शिकवायचीय, ते काम बेंगळुरूच्या कंपनीनं घेतलं आणि तिनं आमाला बसवलं. कुठल्या कुठल्या माणसांचे आवाज येतात, ते ऐकायचे, मराठीत लिहायचे, खाली इंग्रजी अर्थ लिहायचा. नियम एकच, शब्दाला शब्द, स्वतःचं डोकं लावायचं न्हाय. पहिल्या आठवड्यात एक म्हातारा बोलत होता, म्हैस गाभण हाय, वैरण संपली हाय, तर वरनं तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं, हा मनुष्य दर वाक्याला हाय-हॅलो का करतो? आमी सगळ्या हसून हसून मेलो. तेवढंच हसलो बघा तितं.

कामाला लागताना दहावी, बारावी, बीए, सगळ्याच्या मूळ मार्कशीट जमा करून घेतल्या. तीन वर्षांचा बाँड, आणि मधी सोडायचं तर महिनाभर आधी राजीनामा द्यायचा, मग कागद परत. आई म्हणाली देऊन टाक, आपल्या पत्र्याच्या घरात उंदरं हायत, त्यांचं लोखंडी कपाट तरी हाय. ते कपाट माझ्या खुर्चीच्या मागंच हाय, दार काचेचं, माझी निळी फाईल दिसते मला. कुणाच्या बापाचा कायदा हाय हा, दुसऱ्याचं शिक्षण कपाटात कोंडायचा? पण तवा विचारलं न्हाय, सगळ्या रांगेत उभ्या होत्या, मीबी राहिले.

दोन वर्षांनी सरकारी दवाखान्यातल्या लिपिकाच्या यादीत माझं नाव लागलं. आबांनी पेढे वाटले. पडताळणीला मूळ कागद दाखवायचे होते, म्हणून मी राजीनामा दिला, महिना भरला, शेवटच्या दिवशी बेंगळुरूच्या साहेबांनी कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावून विचारलं, क्यूं छोड रही हो, काही तक्रार हाय का. मी म्हणाले न्हाय सर, काही न्हाय, सगळं चांगलं हाय. उठताना हात जोडले आणि म्हणाले, येते सर.

दुसऱ्या दिवशी कागद मागायला गेले तर आमचे बारामतीचे मॅनेजर जगतापसर म्हणाले, कागद मिळत न्हायत, तू राजीनामा मागं घेतलायस. मी? तर व्हय, म्हणाले, हे बघ. मशीननं आमचं बोलणं उतरवलं होतं, शेवटची ओळ इंग्रजीत, मी येत आहे, सर. साहेबांना वाटलं पोरगी परत यायला तयार झाली, त्यांनी राजीनामा बंद करून टाकला. आणि मशीनचं चुकलं तरी कसं म्हणू, येते म्हणजे येत आहे, हे मीच लिहिलेलं, शंभरदा लिहिलेलं, शब्दाला शब्द.

मी म्हणाले सर, तुमी हितलेच ना, घरातनं निघताना कोण म्हणतं का जाते म्हणून? तुमची बायको म्हणते का? तर हसले. म्हणाले, रेश्मा, मला कळतंय गं, पण रेकॉर्डला येते हाय. नवीन राजीनामा टाक, नवीन महिना भर. मी म्हणाले पडताळणी सोमवारी हाय सर, कपाट उघडा फक्त. खाली बघून म्हणाले, माझीबी मार्कशीट त्याच कपाटात हाय.

सोमवारी झेरॉक्स घेऊन गेले. तिथला कारकून म्हणाला, मूळ प्रत दाखवा. कागद ठेवल्याची कंपनीची पावती दाखवली तर म्हणाला, लोक दागिने ठेवत्यात गं, तू दहावी ठेवलीस? आठ दिवस दिले त्यानं. दुसरी प्रत काढायची तर हरवली असं पोलिसात लिहून द्यावं लागतं. हरवली कुठं? डोळ्याला दिसतीय! तरी गेले ठाण्यात, पायरीवरनं परत फिरले, खोटं लिहून सरकारी नोकरीत कसं शिरायचं. आठ दिवस संपले, माझ्या खालचं नाव वर घेतलं. पेढ्याचा रिकामा खोका आबांनी अजून टाकलेला न्हाय, त्यात गाडीच्या पावत्या ठेवतात.

परत त्याच खुर्चीवर जाऊन बसले, आता मला सिनियर केलंय. बाँडबी नवा झाला त्याच्यासंगं. गेल्या आठवड्यात काटेवाडीची एक पोरगी कामाला लागली, आणि जगतापसर म्हणाले, रेश्मा, हिचे कागद तू जमा करून घे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलेले तिनं, एकेक पान पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाली, ताई, परत मिळतात ना? जगतापसर मागंच उभे होते.

मी म्हणाले, व्हय.

तिची पावती मी फाडून दिली, सही माझीच हाय. तिचं तरी भलं होवो.