माळावरच्या विहिरीचं गोडं पाणी

ऐका. आणि तो टॉर्च बंद कर रे, मला बघायला आलायस का गोष्ट ऐकायला?

आपल्या बोअरचं पाणी ठाऊकच आहे तुम्हाला. खारट, जड. डाळ कितीही शिजवा, दाणा फुटायचा नाही. हौसाक्काची लेक सुंदरा बाळंत झाली अन् त्या पाण्यानं तिला जुलाब लागले. दूध आटलं. पोर रडून रडून निळं पडायला लागलं. वैद्य म्हणाला, माळावरच्या विहिरीचं पाणी पाज. आता तुम्ही म्हणाल, फिल्टरचं का नाही? गप बसा! त्या पाण्यात ना चव ना सत्त्व. खडकातनं झिरपून येतं ते पाणी अंगी लागतं.

दिवेलागणीला हौसाक्का निघाली. एकटी! त्या विहिरीत गिऱ्हा राहतो, बुडून मेलेल्याचं भूत. ठाऊक होतं तिला. पण लेकीचा जीव ना!

कळशी भरली, डोक्यावर घेतली, निघाली. मागं पावलं. चपचप, चपचप. ही थांबली की तीही थांबायची. मग कळशी जड व्हायला लागली. मान मोडते की काय! तरी ही चालतेय. ओढ्यापाशी आली, बघते तर काय? समोर सुंदरा!

"आई, दमलीस गं. दे ती कळशी."

हिनं दिलीच होती की! पण ऐका, ओली बाळंतीण दिवे लागल्यावर उंबरा ओलांडेल? तेही डोक्याला फडकं न बांधता, कान उघडे टाकून?

"मुडद्या! माझ्या लेकीचं रूप घेतोस?" पुढच्या शिव्या सांगत नाही, बायामाणसं बसलीत.

त्यानं कळशी धरली. "पाणी माझं!" इकडनं ओढ, तिकडनं ओढ. अर्धं सांडलं. ते चाटायला तो वाकला, अन् ही जी पळाली ती घरात येऊन कडी लावली तेव्हाच थांबली.

सुंदराला घोट घोट पाजलं. पोरगी निजली. सुटली म्हणता? छे!

दार वाजलं. बाहेरनं सुंदराचाच आवाज.

"आई, मला घरात घे गं. आत निजलीय ती मी नाही."

रात्रभर तेच. रडायचं, विनवायचं. आईचं काळीज ते! दाराला पाठ लावून हौसाक्का बसली, पण नजर निजलेल्या लेकीवर. बाळ रडलं तरी तिच्या कुशीत द्यायचा धीर होईना.

उजाडलं तेव्हा आवाज थांबला. त्या पाण्यानं सुंदरा हळूहळू सावरली, दूधही उतरलं. पण हौसाक्का मरेपर्यंत लेकीला जवळ घेताना मधेच थबकायची.

पाणी तिथलंच प्या, पण उजेडी आणा. दिवे लागल्यावर घसा सुकून मेलात तरी ती वाट धरायची नाही. कळलं?