राखणदाराला जागा कोणी ठेवली?

ज्यानं आपल्याला कान दिले आणि ते मिटायला पापणी दिली नाही, त्या नारायणाचा एकदा मोठ्यानं जयजयकार करा! ... छे! प्रसादाच्या रांगेत जो आवाज निघतो, तो काढा! हां, आता कसं!

मंडळी, आजचा प्रश्न अगदी साधा. घराच्या दारावर राखणदार ठेवला. इमानी, निर्व्यसनी, डोळ्याला डोळा न लावणारा! आणि तोच उभ्या उभ्या कोसळला — तर दोष कोणाचा? ... राखणदाराचा? कोण म्हणालं? तिसऱ्या रांगेतले काका! काका, पुढं सरकून बसा, आजचं आख्यान खास तुमच्यासाठी लावलंय.

तर ऐका! मिरजेत एक वधूवर सूचक मंडळ. नाव सांगत नाही, उद्या पदाधिकारी माझ्या दारात उभे राहतील. पूर्वी तिथं फोटोंचे गठ्ठे असायचे, आता सगळं वेबसाइटवर. मुलीची माहिती, फोटो, पत्रिका, सगळं घरबसल्या पाठवा! आणि ही वेबसाइट सांभाळायला हेमांगी सबनीस नावाची मुलगी. मुलगी म्हणजे चांगली दोन लेकरांची आई हो, पण त्या मंडळात सत्तरीच्या आतली प्रत्येक बाई मुलगीच.

आता वेबसाइट राहते कुठं? सर्व्हर नावाच्या यंत्रात. ते यंत्र कुठं? दूर परगावी, भाड्याचं! त्या यंत्राच्या घरात कर्ता पुरुष कोण? लिनक्स! कुणाला किती वाढायचं, कुणाला पंगतीतून उठवायचं, सगळा कारभार लिनक्सचा. आणि दारात उभा अँटिव्हायरस — हाच आपला राखणदार! येणाऱ्या प्रत्येक फाइलची झडती घ्यायची आणि मगच आत सोडायची. कारण मंडळी, एका फाइलीत व्हायरस लपून आला, की ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येक घरात तो जाऊन बसतो, जावयासारखा!

म्हणून हेमांगीनं नियमच घालून ठेवला होता. राखणदार जागेवर नसेल, तर एकही फाइल आत यायची नाही. लोकांनी आपल्या लेकींचे फोटो, पत्ते तिच्या हवाली केले होते. "काळजी करू नका, माझ्याकडं सगळं सुरक्षित आहे," असा शब्द तिनं एकेका आईला दिला होता आणि त्या शब्दाला ती जपत होती.

आणि वधूवर मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी — पडला की हो राखणदार! सपशेल आडवा! फाइली दाराबाहेर खोळंबल्या. फोनवर फोन, फोनवर फोन! संध्याकाळी यादी बंद होणार, यादीतल्या मुलामुलींचीच माहिती उद्या पडद्यावर दिसणार. आणि हेमांगीच्या खुर्चीशेजारी कोण येऊन बसले? जयसिंगपूरचे मुकुंदराव देवस्थळी. हातात पेनड्राइव्ह, पेनड्राइव्हमध्ये मुलगी अरुंधतीची माहिती. मागचा मेळावा त्यांच्या आजारपणात हुकला होता. हाही हुकला तर पोरीपुढं काय तोंड घेऊन उभा राहू, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

तिनं पदर खोचला. तिचा होता पंजाबी ड्रेस, पण कीर्तनात बाई कामाला लागली की पदर खोचावाच लागतो! तिनं हुकूम सोडला, "ऊठ!" राखणदार उठला. हिरवं अक्षर — चालू आहे! ही चहाचा कप तोंडाला लावते न लावते, तोच पुन्हा आडवा. परत उठवला. परत आडवा! ऊठ — धप्प! ऊठ — धप्प! आमचे तबलजी बघा, ठेकासुद्धा धरला त्यांनी!

मग तिनं काय केलं? जुना राखणदार काढला, नवा आणला. धप्प! चोरांच्या वर्णनांची ताजी यादी त्याच्या हाती दिली. धप्प! एवढ्यात आले मंडळाचे अध्यक्ष, बापूसाहेब रांगणेकर. ते म्हणाले, यंत्राची दृष्ट काढू, नारळ फोडू. फोडला हो! संगणकाच्या पडद्यापुढं! अहो, यंत्र परगावी, नारळ मिरजेत! खोबरं मात्र सगळ्यांनी खाल्लं.

आता मुकुंदराव काकुळतीला आले. "ताई, आजच्या दिवस त्या राखणदाराला बाजूला ठेवा. आपल्यात कोण चोर आहे?"

बापूसाहेबांनीही मान डोलावली. सगळी घरं ओळखीची, सगळी खानदानी, झडती कशाला घ्यायची, असं त्यांचं म्हणणं. मंडळी, खरं सांगतो, हेमांगीचा हात तिकडं गेलासुद्धा. एक कळ दाबली की झडती बंद, फाइली आत, सगळे खूश! पण तिला त्या आया आठवल्या. हात तिनं मागं घेतला आणि राग काढला कुणावर? राखणदारावर! नालायक, कामचुकार, आयत्या वेळी दगा देणारा! अगदी आपल्या काकांसारखं बोलली.

आणि मग, सगळे उपाय थकल्यावर, तिनं ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. यंत्रात जे जे घडतं, त्याची नोंद लिनक्स ठेवत असतो. लॉग म्हणतात तिला. ती तिनं उघडली. आपणही असेच ना? औषध झालं, अंगारा झाला, भांडण झालं, की मग विचारतो — बाबा रे, तुला नक्की होतंय तरी काय?

लॉगमध्ये सरळ लिहिलं होतं: मेमरी संपली, म्हणून अँटिव्हायरसला बाहेर काढलं. बघा! राखणदार स्वतःहून पडलाच नव्हता! त्याला घरच्या कर्त्यानंच उचलून बाहेर टाकलं होतं. का? तर हा राखणदार दारात उभा राहण्याआधी जगातल्या सगळ्या चोरांची वर्णनं मनात भरून घेतो. त्याला जागा लागते. घरात दाटी झाली, श्वास कोंडला, की लिनक्स बघतो, अंगानं मोठा कोण? आणि त्यालाच धरून बाहेर काढतो.

मग दाटी केली कुणी? इथं मंडळी, आपल्या लग्नघराची खरी गंमत! मानपान! अध्यक्षांच्या सत्काराचा चलच्चित्रपट वेबसाइटवर अखंड फिरता हवा. चिटणीस विमलताईंना रोजचे मुहूर्त क्षणाक्षणाला बदलते हवेत. खजिनदारांना दार उघडताच सनई हवी! एकाचं ऐकलं की दुसऱ्याचा रुसवा. म्हणून प्रत्येकाच्या मानाचा एकेक प्रोग्राम हेमांगीनं आत बसवला होता. पेटीवाले, जरा सूर द्या!

घर भरलें मानपानें । दारीं उरला नाही ठाव ।
राखणदार कोसळला । आणि त्यालाच ठेविलें नाव ॥

हेमांगीला स्फुरण चढलं. गुन्हेगार सापडले! तिनं तिघांनाही बोलावून सुनावलं. सनई बंद! मुहूर्त बंद! बापूसाहेब फुगून बसले, मग फोटो तेवढा राहील या बोलीवर चित्रपटावर पाणी सोडलं. हेमांगीनं विजयी मुद्रेनं राखणदाराला उठवलं. हिरवं अक्षर! सगळे श्वास रोखून बघतायत...

धप्प!

आता मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिघंही तिच्याकडं बघतायत, आणि मुकुंदराव घड्याळाकडं. तिनं पुन्हा पाहिलं, मेमरी कोण किती खातंय. मघाशीही पाहिलं होतं, पण तेव्हा ती तिघांचीच नावं शोधत होती. आता वरून वाचायला लागली. पहिलंच नाव, सगळ्यात मोठा खादाड कोण? गुणमिलन! आणि गुणमिलन कुणाचं? हेमांगीचं स्वतःचं!

अहो, तिचं लाडकं बाळ ते! मुलामुलींचे गुण क्षणात जुळवून दाखवणारा प्रोग्राम. त्यासाठी तिचा शाल देऊन सत्कार झाला होता. आणि तो आत बसून करत काय होता? प्रत्येक मुलाचे प्रत्येक मुलीशी गुण जुळवायचे आणि सगळे मनात धरून ठेवायचे! ज्यांची लग्नं झाली, ज्यांची पोरं बालवाडीत गेली, त्यांचेही जुळवतोय! शेजारणीच्या नवऱ्याशी जुळवतोय! थांब म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हेमांगी लाजेनं लाल झाली. बापूसाहेब मिशीत हसत होते. ती हळूच म्हणाली, "बापूसाहेब, चुकले. सगळ्यात जास्त जागा माझ्याच मानानं खाल्लीय." आणि तिनं गुणमिलन स्वतःच्या हातानं बंद केलं. वाईट वाटलं तिला, फार वाईट वाटलं. पण बंद केलं.

राखणदार उठला. हिरवं अक्षर. एक श्वास गेला, दोन श्वास गेले. बापूसाहेबांनी चहा मागवला, चहा आला, चहा संपला — आणि राखणदार उभाच! मुकुंदरावांना आनंदानं रडू आलं. खोळंबलेल्यांत पहिला मान त्यांचा. हेमांगीनं पेनड्राइव्ह लावला, अरुंधतीची फाइल दाराशी नेली आणि राखणदारानं ती तिथंच अडवली!

का? फाइलीत व्हायरस! मुकुंदरावांनी कौतुकानं एका दुकानातून फुलांची नक्षी काढून ती सजवून आणली होती. त्या दुकानातूनच व्हायरस आला होता. बिचाऱ्यांना पत्ताच नाही! मघाशी ती एक कळ दाबली असती, तर उद्या मेळाव्यात फाइल उघडणाऱ्या प्रत्येक घरात तो शिरला असता, आणि नाव कुणाचं खराब झालं असतं? अरुंधतीचं!

मुकुंदरावांनी कपाळावर हात मारून घेतला. हेमांगीनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही सांगा, मी लिहिते." मग बापानं लेकीचे गुण सांगितले. शिकली किती, गाते कशी, आजारपणात आपल्या उशाशी बसून राहिली ती कशी. असलं काही दुकानातल्या फाइलीत नव्हतं. यादी बंद व्हायच्या आत अरुंधती आत गेली, झडती देऊन, ताठ मानेनं!

तर मंडळी, तुमच्याही दारात देवानं एक राखणदार ठेवलाय. विवेक म्हणतात त्याला. तो पडतो. जिभेवर नको ते येतं, हातून नको ते घडतं, आणि आपण म्हणतो, माझा विवेकच कमी हो! अरे, तो कमी नाही, त्याला उभं राहायला तू जागा कुठं ठेवलीस? कोण काय बोललं, कुणी पत्रिकेत नाव घातलं नाही, कुणी आहेर केला नाही, सगळं मनात धरून बसलायस. ज्यांची भांडणं मिटली, त्यांचेही हिशेब आत चालूच!

आज घरी गेलात की मनातली यादी उघडा. दुसऱ्याचं नाव शोधू नका. वरून वाचा! आणि काका, तुम्हाला पहिलं नाव आत्ताच दिसलंय, मला चेहऱ्यावर कळतंय. मोठ्यानं सांगू नका, काकू शेजारीच बसल्यात. फक्त ते बंद करा.

चला, थोडं थोडं सरकून बसा. जागा करा. आणि जो दारात उभा आहे, त्या नारायणाला हाक मारा!