चौकातला वाढदिवस

न्हाई ताई, तो मोबाईल आधी पर्समध्ये ठेवा. बघितला मी फोटो. गोड पोरगी हाय, नाव काय म्हनलात — शिवन्या. पाच वर्षांची हुती, तापानं गेली, दोन वर्षं झाली, आन आता तिचा वाढदिवस येतोय तर फोटोत तिला सात वर्षांची करून पायजे. कळलं मला, बहिरा न्हाई मी. पन ते काम हा गनीभाई करत न्हाई. करत हुता, आता बंद केलंय. बाहेर बोर्डावर काय लिव्हलंय? लग्न, वाढदिवस, दशक्रिया, वर्षश्राद्ध, उद्घाटन. ह्यातलं काय बी सांगा, संध्याकाळच्या आत फ्लेक्स हातात देतो. पोरीचा श्रद्धांजलीचा करू, मागं निळं आभाळ, कडेनं मोगरा — पन फोटो हाय तसा. मोठी करायची न्हाई.

बसा, लगेच उठू नका. उन्हातून आलाय, पानी प्या. कुनी पाठवलं तुमाला घोडेगावात? नगरच्या डॉक्टरीनबाईंनी? न्हाई, त्या तसं सांगायच्या न्हाईत, त्यांनी नुसतं म्हनलं असंल की रंग घ्या, चित्र काढा, मनात साचलंय ते कागदावर येऊ द्या. आन माझा पत्ता तिथं दवाखान्यात बाकावर बसलेल्या दुसऱ्या कुन्या बाईनं दिला असंल. व्हय ना? तेच. डॉक्टरीनबाईंचं चुकत न्हाई बरं का. रंगानं बरं वाटतं. मी बघितलंय, ह्याच दुकानात, तुमी बसलाय त्याच स्टुलावर. म्हनून तर न्हाई म्हनतोय.

आक्काबाई बसायची तिथं. आमच्या गावची, वस्तीवर राहती, नवरा राधाकृष्ण, एकुलता एक पार्थ. पोरगं कॉलेजला नगरला जायचं मोटरसायकलवर. पाच वर्षं झाली आता — येताना हायवेवर ऊसाच्या ट्रॉलीला मागून धडकलं. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना रेडियमची पट्टी. जागेवर गेलं. आन ही बाई रडली न्हाई. मयताला आख्खं गाव रडतंय आन ही चुलीपुढं भाकरी थापतीय, पार्थ कॉलेजातनं भुकेला येईल म्हनून. दहावा झाला, तेरावा झाला, बोलनं बंद, खानं बंद. अंगावरची कातडी लोंबाय लागली. राधाकृष्णानं सगळे दवाखाने केले, मग ह्याच तुमच्या डॉक्टरीनबाई सापडल्या. त्या म्हनल्या, गोळ्या चालूच ठेवा पन हातात रंग द्या. त्यानं बाजारातनं शाळेतल्या पोरांची रंगपेटी आनली, हिनं झाकन बी उघडलं न्हाई. मग वर्षश्राद्धाचा फ्लेक्स करायला तिला संगं घेऊन आला माझ्याकडं. मी आपला नेहमीसारखा पार्थला पांढरा शर्ट चढवला — आमच्या धंद्यात गेलेल्या मानसाला पांढरा — तर ही मागनं म्हनली, निळा घाला, त्याला निळा शोभतो. वर्षभरात पयलं बोलनं ते. राधाकृष्ण तोंड फिरवून बाहेर गेला, लई वेळ आत आला न्हाई.

मग यायलाच लागली. बाजाराच्या दिवशी नवरा जनावरांकडं जायचा आन ही हितं. मी कधीकाळी ब्रशवाला पेंटर, ट्रकच्या पाठीवर मोर काढायचो, दुकानांच्या पाट्या रंगवायचो, कॉम्प्युटर नंतर आला. मला बी कुनीतरी रंगाबद्दल बोलनारं पायजेच हुतं. तिला माऊस धरायला शिकवला. कॉलर जराशी गडद करा, मागं आमचा मळा टाका, बांधावरचं लिंबाचं झाड टाका — तिचं चालू. हसायची बी मधीच. घरी जेवायला लागली. डॉक्टरीनबाईंनी मला फोन करून आभार मानले. म्या म्हनलं, बाई, मी काय केलं, रंगांनी केलं. जरा मिरवलो बी चार लोकांत, खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी पार्थचा वाढदिवस आला. आली, बसली, स्क्रीनकडं बघत म्हनली, गनीभाई, आता त्याला मिशी आली असती. बस, एवढंच. मागितलं सुद्धा न्हाई. मीच लावली. मिशी लावली, गाल थोडे उतरवले, खांदे भरले. लई वेळ बघत बसली आन म्हनली, बापावर गेला. त्या दिवशी घरी जाऊन पुरनाचा सैपाक केला तिनं, स्वतः दोन पोळ्या खाल्ल्या. आता तुमी सांगा, ह्यात मी वाईट काय केलं? तुमाला तरी वाटतंय का? न्हाई ना. मला बी वाटलं न्हाई. दर वर्षी मोठा करत गेलो. कॉलेज संपलं तवा हातात डिग्री दिली. मग ब्लेझर. आन गेल्या साली ती म्हनली, सगळ्या पोरांचे वाढदिवस चौकात लागत्यात, आमच्याच पार्थचा घरात का? राधाकृष्णाला धाडस हुईना, पन बाई जेवतीय, झोपतीय, मोडायचं कसं? त्यानं स्वतः खांबावर चढून तारेनं बांधला. पार्थच्या दोस्तांनी खालच्या ओळीत शुभेच्छुक म्हनून आपापले फोटो दिले. गावानं मान खाली घालून बघितलं आन पुढं गेलं. एक मानूस वंगाळ बोलला न्हाई.

पन गावाला म्हाईत हुतं, परक्याला कुठं म्हाईत? आमच्याकडं फ्लेक्सला हार असला, खाली दोन तारखा असल्या तर मानूस गेलेला. हार न्हाई, कोपऱ्यात केक हाय, तर जिता. बाजाराला कोपरगावकडचा एक मानूस आल्ता गाय घ्यायला. चौकात चहा पिता पिता वर बघितलं — उंच पोरगा, ब्लेझर, आडनाव जमनारं. त्याची लेक लग्नाची. गाय राहिली बाजूला, वस्तीचा रस्ता विचारत गेला तडक. ज्याला विचारला त्याला वाटलं कुनी पाव्हना असंल, रस्ता दावला. घरात आक्काबाई एकली.

तिनं काय करावं? सांगायचं ना की बाबा, असं असं हाय. न्हाई. तिनं सतरंजी टाकली. पोहे केले. पोरगा कुठं हाय म्हनल्यावर म्हनली, पुण्याला कंपनीत. सुट्टी मिळत न्हाई लवकर. त्या भल्या मानसानं लेकीचा फोटो दिला, निकिता नाव, नर्सिंगचं शिकलेली. तो फोटो घेऊन ही दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं. म्हनली, हिच्या शेजारी उभा करा त्याला. मी म्हनलं आक्काबाई, हे जितं मानूस हाय, ही कुनाची तरी लेक हाय. तर म्हनली, छापू नका, एकदा बघू द्या. एकदाच. — केलं मी. फेटा बांधला त्याला, तिला हिरवा शालू. आक्काबाईनं दोन्ही हात स्क्रीनवरून उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. नजर काढली. मी कॉम्प्युटर बंद केला आन हात धुवून आलो. का धुतले काय म्हाईत.

आठवडा बी गेला न्हाई. त्या मानसानं कुठनं तरी खरं काढलं. गाडी भरून आले, भाऊ, मेव्हना. दारात उभा राहून त्यानं जे म्हनलं ते आख्ख्या वस्तीनं ऐकलं. म्हनला, "बाई, तुझं पोरगं मेलंय ना? मग मेलेल्याला माझी लेक का दाखवली?" आता त्याचं तरी काय चुकलं हुतं, मला सांगा. पन ताई, इतक्या वर्षांत तिच्या तोंडावर तो शब्द कुनी उच्चारला नव्हता. ना नवऱ्यानं, ना डॉक्टरनं, ना मी. आमी सगळे तिला बरं करत हुतो ना. ती उभी राहिली चौकटीला धरून आन म्हनली, "व्हय. मेलंय."

त्यानंतर एकदाच आली हितं. बसली न्हाई. म्हनली, ब्लेझरवाल्याला हार घाला. म्हनलं तारीख कुठली टाकू, तर म्हनली, परवाची. तवा कॉलेजातला गेला, आता हा गेला. मी हार घातला, तारीख जुनीच टाकली, तिनं वाचली पन न्हाई. आता अंथरुनाला खिळलीय. भिंतीकडं तोंड. पानी बी राधाकृष्ण चमच्यानं पाजतो, आन तो माझ्या दुकानापुढून जाताना रस्ता बदलतो. पयल्यांदा रडली असती तर एकदाच रडली असती. आमी तिचं पोरगं वाढवलं, मोठं केलं, नोकरीला लावलं आन मग मारलं.

म्हनून न्हाई म्हनतोय. आन तुमाला वाटतं सोपं हाय? वय वाढवनं म्हंजे नुसता फोटो ताननं न्हाई. नाकाचं हाड लांबतं, कपाळ रुंद हुतं, मान निघती. यंदा आवेजला चष्मा लावला तर भुवया वर घ्याव्या लागल्या, दोन दिवस गेले नुसते —

काय? कोन आवेज? कोन न्हाई. आसंच एक गिऱ्हाईक. — असं बघू नका हो. — माझा. माझा पोरगा. पयलीत हुता. डेंग्यू. लई वर्षं झाली. जिता असता तर आता मला म्हनला असता, अब्बा, तुमी सरका, मी करतो. दर ईदला करतो मी. नवा कुर्ता घालतो त्याला. मेहताबला म्हाईत न्हाई, माझी बायको, तिला घरात तसबीर चालत न्हाई, आमच्यात लावत न्हाईत. हितं कॉम्प्युटरमधी असतो. तुमाला काय वाटलं, पार्थला मिशी पयल्याच झटक्यात इतकी बरोबर कशी बसली?

व्हय, चालूच हाय. बंद केलं ते लोकांचं. स्वतःचं बंद हुत न्हाई. मला काय होत न्हाई त्यानं, मी जेवतो, झोपतो, धंदा करतो. माझ्या दारात कोन येनार हाय स्थळ घेऊन? — आन तुमी म्हनताय, मग मला बी करून द्या, मी बी कुनाला दावनार न्हाई. आक्काबाई बी तेच म्हनली हुती. न्हाई ताई. शिव्या द्या, पन न्हाई.

उठलात? बरं. स्टँडसमोर एका पोरानं नवीन दुकान टाकलंय. मशीनला फोटो दिला की चहा गार व्हायच्या आत पोरगी मोठी करून देतं, कुनाची हाय ते बी विचारत न्हाई. जावा तिथं. मी कोन अडवनारा.

थांब. पोरी, थांब जरा. त्याला एक सांग. सात वर्षांची करतोस तर तोंड मिटलेलं ठेव म्हनावं. मशीन सगळे दात भरून देतं. ह्या वयात पुढचे दोन पडलेले असतात, नवीन यायचे असतात. आईला ते लगेच कळतं, आन मग ती आपली पोरगी वाटत न्हाई.

जा आता. जाताना शटर निम्मं खाली ओढ. स्क्रीनवर उजेड येतोय.