राहिलेला कागद

अंबरनाथला जातीच्या दाखल्यासाठी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे बोलत होते.

“सोमाभाऊ, तुम्ही इथे?”

“शेजारच्या अस्मितासाठी.”

“चाळीतले सगळे अर्ज तुम्हीच भरता ना?”

“भरायचो. आता ती मोबाईलवर एआयला विचारते. मी तीस वर्षांत शिकलो, ते त्यानं मिनिटात सांगितलं. तेही नीट मराठीत. माझ्या पोटात दुखलं.”

“सगळं बरोबर सांगितलं?”

“तिच्या आजोबांचा शाळेचा दाखला तेवढा सांगायचा राहिला. मला दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तिनं विचारलं कुठे? आज खिडकीवरून परत पाठवली तिला.”

“आता कुठाय?”

“तो आणायला बदलापूरला गेलीय. मी तिचा नंबर धरलाय.”

“तुम्हाला ठाऊक होतं, हे सांगितलंत तिला?”

“नाही. जाताना मला थँक्यू म्हणाली.”