बारा हातोड्या

नझारेत : हवेचं नाव काढू नका, दुर्रिया हानेम. समुद्राची हवा सरस सोडवते, तारा गंजवते, नमदा फुगवते. पण हवेने पियानोतल्या हातोडीची दांडी मोडलेली मी आजवर पाहिली नाही. आणि इथे बारा मोडल्यात. ओळीने!

दुर्रिया : मग वाळवी असेल.

नझारेत : वाळवी ओळीने खाते का? तिला मोजता येतं?

रागिब : अलेक्झांड्रियाची वाळवी आहे, उस्ता. शिकलेली असते.

दुर्रिया : तुम्ही गप्प बसा हो. चाळीस वर्षं बंदरावर क्रेन दुरुस्त केल्या म्हणून पियानोतलं कळत नसतं. उस्ता, माझ्या आजोबांनी हा व्हिएन्नाहून आणवला. एकशे दहा वर्षं झाली. दोन युद्धं, तीन घरं, आम्हा चार बहिणींची बोटं, सगळं सोसलं बिचाऱ्याने. आता वरच्या पट्ट्या मुक्या झाल्या. म्हातारा झाला, दुसरं काय!

नझारेत : म्हातारं झालं की कुरकुरतं माणूस, हानेम. एका दिवसात बारा दात पाडून नाही घेत.

दुर्रिया : कॉफी कशी घ्याल?

नझारेत : बेताच्या साखरेची.

दुर्रिया : यांना डॉक्टरांनी मनाई केलीय. म्हणजे मागतील. देऊ नका आपल्यातली.

(दुर्रिया स्वयंपाकघरात जाते.)

नझारेत : रागिब बेक... जरा इकडे या. हळू बोला.

रागिब : मोठ्याने बोललात तरी चालेल. तिथवर तिला ऐकू... म्हणजे, नळ चालू आहे ना.

नझारेत : स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवता तुम्ही?

रागिब : कसला स्क्रूड्रायव्हर?

नझारेत : ज्याने पट्ट्यांपुढची ही फळी काढलीत तो. स्क्रूंच्या खाचा अजून चकाकतायत. बावन्न वर्षं हेच करतोय मी, बेक. या नऊ दांड्या बघा. डोक्याखालून, हाताने, एकेक धरून कडाकड मोडलेल्या. आणि या तीन? उभ्या चिरल्यात. म्हणजे पट्ट्या-हातोड्यांचा सगळा सांगाडा परत आत ढकलताना कुणाचं तरी कोपर या तीन पट्ट्यांवर टेकलं होतं. हातोड्या उठल्या, वरच्या लाकडाला अडकल्या, गेल्या. नवशिक्याचं काम!

रागिब : नवशिक्या? अहो, चाळीस टन उचलणारी क्रेन मी एकट्याने खोलून...

नझारेत : म्हणजे तुम्हीच.

रागिब : तुम्ही आधी पोलिसात होतात का हो?

नझारेत : डोकी कुठे आहेत?

रागिब : कुणाची?

नझारेत : हातोड्यांची! दांड्या काय, मी नव्या घडवीन. पण डोक्यांवरचा एकशे दहा वर्षांचा लोकरी नमदा कुठल्या दुकानात मिळतो? फेकली असतील तर हा मी निघालो.

रागिब : फेकीन कसा? ही बघा, हलव्याच्या डब्यात. आधी हलवा संपवला, मग ठेवली.

नझारेत : चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर... पंच्याऐंशी. सगळी आहेत. प्रत्येकावर आकडा शाबूत. वाचलात! आता कारण सांगा. दुपारची झोप मोडत होती? लाजू नका, तुम्ही पहिले नाही. एका वकिलाने बायकोच्या पियानोत भुईमुगाच्या शेंगा ओतल्या होत्या. मग उंदरांचं नाव सांगायला मोकळा.

रागिब : नाही हो. मला आवडतं तिचं वाजवणं. दुपारची झोपच लागत नाही त्याशिवाय. रमजान संपला आणि एक दिवस म्हणाली, ‘रागिब, वरच्या नऊ पट्ट्या मुक्या झाल्या. नुसतं लाकूड वाजतंय.’ मी म्हटलं, ‘खुळी का तू? छान वाजतायत. काचेवर चमचा वाजवावा तशा!’ तिने परत दाबल्या. एकेक. माझ्या तोंडाकडे बघत.

नझारेत : मग?

रागिब : मग झाकण लावलं. तीन आठवडे उघडलं नाही, उस्ता. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. गुरुवारी ती बहिणीकडे गेली आणि माझ्या मनात आलं, तिचं म्हणणं खरं करून टाकावं. पियानोच बिघडला, तर तिचे कान ठणठणीत!

नझारेत : आणि पियानो बिघडला की लोक उस्ताला बोलावतात, हे नाही मनात आलं.

रागिब : नाही आलं. तुम्हाला फोन तिने केला, मला न सांगता. आता एवढंच करा. तिला सांगा, हे दुरुस्त होत नाही.

नझारेत : मी? मी म्हणू, होत नाही? पाण्यात बुडालेला पियानो वाजता केलाय मी! लग्नात ज्याच्यावर लोक नाचले, तो वाजता केलाय!

रागिब : म्हणून तर. तुमच्या तोंडून आलं की तिला पटेल.

नझारेत : आणि त्यांनी कैरोहून दुसरा कुणी बोलावला तर? तिथे एक जण आहे, प्लॅस्टिकच्या दांड्या घालतो. प्लॅस्टिकच्या!

रागिब : मग दुरुस्त करा, पण वाजणार नाहीत अशा.

नझारेत : बेक, न उचलणारी क्रेन बनवली होती का कधी तुम्ही?

रागिब : आमच्या खात्याने बनवल्या होत्या दोन-तीन.

नझारेत : श्श. आल्या.

दुर्रिया : घ्या, कॉफी. सोबत कहक आहे, ईदच्या बिस्किटांतलं उरलेलं. आणि हा हलव्याचा डबा इथे काय करतोय?

रागिब : उस्तांना म्हटलं, हलवा...

दुर्रिया : रिकाम्या डब्यातला?

नझारेत : हानेम, मी सगळं तपासलं. त्याचं असं आहे... लाकूड जुनं... सांधे... आता हे काही... होत... होत ना...

दुर्रिया : उस्ता, तुमचे कान लाल झालेत. सवय नसेल तर माणसाने खोटं बोलू नये. थांबा, मीच सांगते. मी यांना नऊ पट्ट्या मुक्या म्हटलं होतं. शुक्रवारी झाकण उघडून बघते तर बारा! खालच्या तीन मला चांगल्या ऐकू येत होत्या. टॉर्च मारून पाहिलं, तर हातोड्यांना डोकीच नाहीत.

रागिब : त्या तीन चुकून गं... माझं कोपर...

दुर्रिया : माहितीय मला. जेवतानाही तेच करता. सगळ्या टेबलावर कोपर.

नझारेत : मग मघापासून हवा काय, वाळवी काय, हे कशाला?

दुर्रिया : यांचं तोंड बघायला. दोन दिवस वाट पाहिली, आता कबूल करतील, मग करतील. हे आपले घरभर म्हणत फिरतायत, ‘समुद्राची हवा फार वाईट गं, दुर्रिया.’

रागिब : तू बहिणीकडे गेलीस म्हणून...

दुर्रिया : बहिणीकडे नव्हते गेले. तिला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले होते. त्याने कागदावर रेघ काढून दाखवली. इथवर सपाट, म्हणाला, आणि इथून पुढे उतार. परत येणार नाही ते. सगळ्या वाटेत विचार करत होते, तुम्हाला कसं सांगायचं. आणि घरी तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होतात.

रागिब : राग आला?

दुर्रिया : येणार नाही? माझ्या चांगल्या तीन पट्ट्या गेल्या! बाकी... उस्ता, कॉफी निवतेय.

नझारेत : घेतो, घेतो. मग आता काय करू, हानेम? दांड्या कुठवर घडवू?

दुर्रिया : त्या तीन आधी करा. माझ्या आहेत.

नझारेत : आणि या नऊ?

दुर्रिया : त्याही करा. यांना ऐकू येतात ना.